पाठवणाऱ्याचं नाव

माणूस भिजत होता आणि त्याचा रेनकोट संगणकाने घातला होता.

नोव्हेंबरातली दुपार. आमच्या हिमी गावच्या समुद्रावर सकाळपासून गडगडत होतं. असं गडगडायला लागलं की आमच्याकडची म्हातारी माणसं खूश होतात, हिवाळी मासा किनाऱ्याला लागला म्हणून. मी दुकानाबाहेरचे फलक आत घेत होते, तेवढ्यात हा समोर आला. दोन्ही हातांनी छातीशी धरलेली पेटी, तिच्यावर नीट बटणं लावलेला निळा रेनकोट आणि स्वतःच्या केसांतून पाणी ठिबकतंय.

"रेनकोट याला घातलात?" मी विचारलं.

"हा भिजला तर बिघडेल ना..."

"आणि तुम्ही?"

"मी... वाळतो."

असं म्हणून तो हसला. मी त्याला आत घेतलं आणि टॉवेल दिला. त्याने आधी पेटी पुसली.

आमचं दुकान म्हणजे सावाइ इलेक्ट्रिक. मामाचं. दिवा बदलण्यापासून फ्रिज उचलण्यापर्यंत सगळं मामा करतो, आणि संगणक आला की 'चिहारु, तुझं गिऱ्हाईक' म्हणून मागे हाक मारतो. यंदा जुन्या विंडोजला वरून होणारी डागडुजी ऑक्टोबरात बंद झाली, आणि गावातल्या प्रत्येक घरात कुठेतरी कापड पांघरून बसवलेला एक म्हातारा संगणक असल्यामुळे मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

"हा बाबांचा आहे," तो म्हणाला. "चालू केला की रोज येतं... आता तुमचं काही खरं नाही म्हणून."

"असं लिहिलेलं नसतं."

"अर्थ तोच."

"बाबा कशासाठी वापरायचे?"

"नवीन वर्षाची कार्डं. वर्षातून एकदा, डिसेंबरात. बाकी अकरा महिने त्यावर टेबलक्लॉथ असायचा."

हिमीत निम्म्या संगणकांचं आयुष्य हे एवढंच असतं. मग मी त्याला समजावलं की नुसती पेटी आणून भागत नाही. प्रिंटर घरी, कार्डांच्या प्रोग्रामची तबकडी घरी, तेव्हा काम घरीच करायला हवं. हे ऐकून तो ज्या चेहऱ्याने रेनकोटाची बटणं परत लावायला लागला, ते बघून मीच म्हटलं, चला, गाडीतून सोडते.

"नाव काय लिहू?"

"मुरासे. केइगो मुरासे."

आता सांगायला हरकत नाही. 'मी वाळतो' म्हणताना तो जो हसला, ते मला आवडलं होतं. नाव ऐकल्यावर मी ते आवडणं बंद केलं. म्हणजे, करायला घेतलं.

कारण मुरासेंचं कार्ड दरवर्षी एक जानेवारीला आमच्या दुकानात यायचं, आणि पाठवणाऱ्यांची नावं त्यावर तीन असायची. योशिहारु मुरासे, म्हणजे वडील. केइगो, म्हणजे नागोयात नोकरी करणारा मुलगा. आणि त्याच्या शेजारी, रेइना. सून. ऑगस्टमध्ये वडील गेले तेव्हा अंत्यविधीला (मामा गेला होता, मी नव्हते) मुलगा एकटाच उभा होता. सून दिसली नाही हे सगळ्या गावाने बघितलं आणि एकानेही विचारलं नाही. न विचारणं हा आमच्याकडे शिष्टाचार असतो. मुलगा परत नागोयाला गेला नाही, बंदरावर बोटींच्या इंजिनांचं काम धरलं, तेव्हा गावाने मनातल्या मनात निकाल लावून टाकला की बायको सोडून गेली, पण घटस्फोटाचे कागद व्हायचे असतील.

कागद व्हायचे असोत नाहीतर होत आलेले असोत, दुसरीच्या नवऱ्याचं हसू आवडून घ्यायला मी काही शाळेतली मुलगी नव्हते. अठ्ठावीस वर्षांची होते.

शनिवारी मी त्याच्या घरी गेले.

नवी प्रणाली घालायच्या आधी जुनं सगळं बाहेर काढून ठेवायचं असतं. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, आणि प्रत्येक गिऱ्हाईक 'आत काही विशेष नाही हो' म्हणतं आणि नंतर रडतं. केइगो तसं म्हणाला नाही. तो म्हणाला, "एकही नाव जाऊ देऊ नका. बाबांच्या ओळखीची सगळी माणसं यातच आहेत. मला त्यांतली निम्मी माहीत नाहीत."

त्याची अडचण खरी होती. घरात कोणी गेलं की त्या वर्षी शुभेच्छांची कार्डं पाठवायची नाहीत आणि आपल्याला कोणी पाठवायचीही नाहीत, म्हणून डिसेंबर लागायच्या आत सगळ्यांना सुतकाचं कार्ड धाडून तसं कळवायचं असतं. पत्ते मात्र सगळे या पेटीत. मी जुनी डिस्क काढून बाजूला सुरक्षित ठेवली, नवी बसवली आणि पेनड्राइव्हवरून विंडोज चढवायला लावलं. मग आम्ही दोघं पडद्यावरच्या आकड्याकडे बघत बसलो.

हे काम असं असतं की करायला वीस मिनिटं लागतात आणि वाट बघायला दोन तास. केइगोने चहा केला. मग पर्सिमॉनचं नारिंगी फळ आणलं, सोललं, फोडी केल्या आणि बशी माझ्याकडे सरकवली. त्याच्या नखांच्या कडांना इंजिनाचं काळं होतं, धुऊन धुऊनही राहिलेलं. फोडी मात्र एकसारख्या होत्या.

"थांबलंय का हे?" त्याने विचारलं. आकडा तेवीसवर बसला होता.

"नाही. विचार करतंय."

"तेवीस टक्क्यांवर? मी पण नेहमी तिथेच अडकतो."

"कशात?"

"कशातही. निम्मं व्हायच्या आतच घाबरतो."

"घाबरा, पण मध्येच बंद करू नका. मध्येच बंद केलं की काहीच धड राहत नाही."

"हे मला सांगताय की याला?"

"दोघांना."

तो हसला. मीही हसले, आणि मग स्वतःचाच राग आला. बायको नागोयात आणि हा मला पर्सिमॉन सोलून देतोय! मी बशी परत सरकवली आणि अतिशय औपचारिक भाषेत सांगितलं की कामावर असताना मी खात नाही. त्याचा चेहरा उतरला. अर्ध्या तासाने मला भूक लागली तेव्हा त्या फोडी अजून तिथेच होत्या. तेव्हा मात्र मी त्या खाल्ल्या.

पुढच्या शनिवारी पत्ते. कार्डांच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती घातली, जुन्या डिस्कवरची यादी तिच्यात ओतली. एकशे अठ्ठ्याहत्तर नावं. प्रत्येक नावापुढे वडिलांनी वर्षावर्षांच्या खुणा केलेल्या. पाठवलं, आलं. पाठवलं, आलं. काही ठिकाणी नुसतंच पाठवलं, पाठवलं, पाठवलं. केइगो एकेक नाव वाचायचा, हयात आहे का नाही ते आठवायचा, नाहीतर आत्याला फोन करून विचारायचा, आणि मी खूण करायचे.

"सावाइ इलेक्ट्रिक," त्याने वाचलं.

"आम्हाला नको. आम्हाला माहीत आहे की."

"तरी पाठवू."

"कशाला?"

"तेवढंच... मला तुम्हाला काहीतरी पाठवायला मिळेल."

"सुतकाचं कार्ड?"

"सध्या हातात तेवढंच आहे."

यावर मी पडद्याकडे बघत खूण केली. कान मात्र गरम झाले होते, आणि आमच्या घरात कान लाल झालेले लगेच दिसतात, हा आईकडून आलेला दोष आहे. त्याने ते बघितलं की नाही ठाऊक नाही. तो उठून चहा ठेवायला गेला.

एकशे त्रेचाळीस नावं राहिली.

एक गोष्ट मात्र यादीबरोबर येत नाही. ज्यांना पाठवायचं त्यांची यादी आपोआप उतरते, पण पाठवणाऱ्याचं नाव नव्या प्रोग्रामात हाताने घालावं लागतं. मी जुनी डिस्क माझ्या लॅपटॉपला जोडून ते पान उघडलं. योशिहारु. केइगो. रेइना. केइगो स्वयंपाकघरात होता, किटलीचा आवाज येत होता. मी पत्ता टाइप केला. वडिलांचं नाव सोडलं, केइगोचं वर घेतलं. मग त्याच्या शेजारी, माझ्या स्वतःच्या बोटांनी, रेइना लिहिलं. एवढंसं नाव, पण ते लिहिताना मला कळून चुकलं की मी जे बंद करायला घेतलं होतं ते बंद झालेलं नाही. मला वाईट वाटलं. दुसरा शब्द नाही त्याला.

नमुन्याचं एक कार्ड छापून गिऱ्हाइकाला दोन्ही बाजूंनी दाखवायचं असतं. केइगो चहा घेऊन आला तेव्हा मी त्याला मजकुराची बाजू दिली. वडिलांचं वय, महिना, 'यंदा शुभेच्छा देता येणार नाहीत, क्षमस्व'. त्याने दोनदा वाचलं, मान हलवली. दुसरी बाजू, जिथे कोपऱ्यात बारीक अक्षरांत पाठवणाऱ्यांची नावं असतात, ती मी त्याला दाखवली नाही. ते नाव वाचताना त्याचा चेहरा कसा होतो, हे मला बघायचं नव्हतं.

छापून झाल्यावर गठ्ठ्यांना रबर लावलं आणि म्हटलं, टपालकचेरी दुकानाच्या पलीकडेच आहे, मीच टाकते. त्याने दारात उभं राहून वाकून आभार मानले. म्हणाला, "आता काही बिघडलं नाही तर तुम्हाला बोलवायला काही कारणच उरणार नाही."

"बिघडू देऊ नका," मी म्हणाले आणि गाडी सुरू केली. तीन दिवसांनी ते कार्ड आमच्या दुकानात आलं. केइगो, रेइना. मी ते टेबलाच्या खालच्या खणात टाकलं, म्हणजे रोज समोर नको.

डिसेंबरच्या मध्यावर तो पुन्हा दुकानात आला. या खेपेला रेनकोट अंगावर होता आणि हातात पत्रांचा जुडगा. मामा आतल्या खोलीत हीटर उघडून बसला होता.

"चिहारुसान," तो म्हणाला, "जरा हे वाचा. मला वेड लागलंय की गावाला, ते सांगा."

सांत्वनाची पत्रं होती. सुतकाचं कार्ड मिळालं की लोक लिहितात तशी. पहिलं बंदरापलीकडच्या होरीए काकूंचं. 'तुम्ही दोघांनी एकमेकांना धीर द्या.' दुसरं वडिलांच्या मित्राचं. 'रेइनासान परत आल्या हे कार्डावर वाचून फार बरं वाटलं.' एकूण अकरा, आणि प्रत्येकावर पत्ता दोघांच्या नावाने.

"बरोबरच आहे की," मी म्हणाले. "तुमच्या पत्नी..."

"माझी पत्नी?"

"रेइनासान."

"चिहारुसान, मला बायको नाही." त्याने रेनकोटाची टोपी मागे ढकलली. "रेइनाशी माझं लग्न ठरलं होतं. चार वर्षांपूर्वी. लगेच पुढच्या फेब्रुवारीत मोडलं. तिचं दुसरीकडे झालं, तिला मुलगी आहे आता. तिचं नाव या कार्डावर आलं कुठून?"

मला आधी आनंद झाला आणि मग लाज वाटली. क्रम उलटा असायला हवा होता.

"मी घातलं," मी म्हणाले.

मग मी कपाटातून मामाचा कार्डांचा डबा काढला. मामा कुणाचंच कार्ड टाकत नाही. त्यातली मुरासेंची चार कार्डं शोधून मी काउंटरवर ओळीने मांडली. आमच्याकडे दर वर्षाला एक प्राणी असतो: वाघाचं वर्ष, सशाचं, ड्रॅगनचं, सापाचं. चित्रं वेगवेगळी, आणि कोपऱ्यात तीच तीन नावं.

केइगोने एकेक उचलून बघितलं. वडील त्याला स्वतःला कार्ड कशाला पाठवतील? फोन करायचे. त्यामुळे त्याने यातलं एकही कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणून आत्या दर वर्षी म्हणायची, 'दोघं या'..." तो म्हणाला. "मला वाटायचं, बाबा आणि मी."

तो हसायला लागला. खूप हसला, काउंटरला धरून. मी हसावं की नाही ते मला कळेना.

"ठरल्या ठरल्या बाबांनी घाईने घातलं असणार. घालता येत होतं त्यांना. काढता येत नव्हतं."

"दुकानात आले असते तर मी दोन मिनिटांत काढून दिलं असतं."

"काढा म्हटलं की का ते सांगावं लागलं असतं ना." आता तो हसत नव्हता. "लग्न मोडलं तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, पुन्हा हा विषय काढायचा नाही. घरात नाही, बाहेर नाही. त्यांनी नाही काढला. दर डिसेंबरात एकटे बसून ते नाव छापत राहिले."

त्याने बाहीने डोळे पुसले. मी कंबरेत वाकून रीतसर माफी मागितली. चूक माझी होती. नमुना दोन्ही बाजूंनी दाखवला असता तर एकही कार्ड गेलं नसतं.

"मग का नाही दाखवलात?"

"घाई होती."

"तुम्हाला? तेवीस टक्क्यांसमोर तासभर बसणाऱ्या बाईला?"

मी विषय बदलला. सात जानेवारी उलटली की सुतक असलेल्या घरांनाही थंडीतलं ख्यालीखुशालीचं कार्ड पाठवता येतं, तेव्हा एकशे त्रेचाळीस घरांना दुरुस्त नावाने तसं कार्ड धाडू, खर्च दुकानाचा, असं मी सांगितलं. त्याने चारही कार्डं उचलून नीट एकावर एक ठेवली.

"नको," तो म्हणाला. "बाबांनी तीन वर्षं खोटं छापलं, असं सगळ्या गावाला कळवायचं का? राहू दे. गाव मला लग्न झालेला समजतंय तर समजू दे. कोणाचं काय बिघडतंय?"

माझं बिघडत होतं. तेच सांगायला मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "रेनकोटाची टोपी घाला, पाऊस आहे."

तो गेला. आतून मामा म्हणाला, "चांगला मुलगा आहे."

"तुला सगळं ऐकू आलं?"

"हीटर बंद होता," मामा म्हणाला.

अठ्ठावीस डिसेंबरला बंदरावरच्या बाजारात ही गर्दी. वर्ष संपायच्या आत सगळ्यांना तो हिवाळी मासा हवा असतो. मी रांगेत उभी होते, मागून केइगो आला. कामाच्या कपड्यांत, हातात यंत्रातून काढलेले तयार चहाचे दोन छोटे डबे, गरम. एक त्याने मला दिला, दुसरा स्वतःच्या गालाला लावला.

"बिघडलाय," तो म्हणाला.

"कोण?"

"संगणक. म्हणजे... अजून नाही. पण आवाज करतो. येऊन बघाल का?"

"नव्या डिस्कला आवाज नसतो, मुरासेसान."

"मग प्रिंटर असेल. घरात काहीतरी आवाज करतंय हे नक्की."

मी हसले. तो जवळ उभा होता आणि त्याच्या जाकिटाला डिझेलचा वास येत होता, आणि मला तो वास चालत होता. तेवढ्यात होरीए काकू. पिशवीतून माशाची शेपटी बाहेर आलेली. त्यांनी आधी माझ्या हातातला डबा पाहिला, मग केइगोच्या हातातला, आणि मग अत्यंत गोड आवाजात त्याला विचारलं, "रेइनासान कशा आहेत?"

आता बोल, मी मनात म्हटलं. आता सांग.

"त्या..." केइगो अडखळला. "बऱ्या... असतील."

काकूंनी मला बघून मान लववली. इतकी लववली की तिला शिष्टाचार म्हणता येईना. मी रांग सोडून मासा न घेता परत आले. संध्याकाळच्या आत मामाला निरोप पोचला होता. 'तुमची भाची अजून लहान आहे, जरा लक्ष असू द्या.' मामाने मला तो निरोप शब्दशः सांगितला आणि वर विचारलं, "त्याने खरं का नाही सांगितलं?"

"बापाचं नाव जपतोय."

"आणि तुझं?"

नवीन वर्षाचे तीन दिवस मी आईकडे जाऊन तांदळाची चिकट मोची खाल्ली आणि कोणाशी बोलले नाही. त्याचे दोन फोन आले. मी उचलले नाहीत. मला तो हवा होता, हे आता माझ्यापासून लपलेलं नव्हतं. पण गावाच्या हिशोबी दुसरीचा नवरा असलेल्या माणसाच्या मागे लागलेली बाई व्हायला मी तयार नव्हते, आणि त्याने तोंड उघडल्याशिवाय ते बदलणार नव्हतं.

आठ जानेवारीला, गुरुवारी, सकाळी दहाला मी कोऱ्या कार्डांची दोन पाकिटं घेऊन त्याच्या दारात उभी राहिले. बंदरावर वाऱ्यामुळे काम बंद होतं, तो घरीच असणार हे मला माहीत होतं.

"दुरुस्ती नको म्हटलं होतं मी," पाकिटं बघून तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तुम्ही फोन उचलला नाहीत."

"तेही माहीत आहे. आत येऊ का?"

मी थेट संगणकासमोर जाऊन बसले आणि तो चालू केला. कसलाही आवाज येत नव्हता. केइगो मागे उभा राहिला.

"त्या दिवशी काकूंसमोर मी चुकलो," तो म्हणाला. "तोंडापर्यंत आलं होतं. पण मग वाटलं, काकू विचारणार, मग बाबांनी का छापलं? आणि ते उत्तर द्यायला बाबा नाहीत."

"कोणाला काही सांगायचं नाही. कार्डावर थंडी फार आहे, तब्येत सांभाळा, एवढाच मजकूर. खाली फक्त तुमचं नाव. आपल्या गावात कोणी विचारत नाही. वाचतील आणि मनात म्हणतील, बरं. महिन्याभरात विसरतील. तुमच्या बाबांची लाज मी राखते."

"पण इतकं कशाला, चिहारुसान? खरंच कोणाचं काय बिघडतंय?"

"माझं."

"तुमचं?"

"मला तुमच्याबरोबर मासळीबाजारात जायचंय." पडद्याकडे बघूनच बोलत होते, म्हणून बोलता आलं. "लग्न झालेल्या माणसाबरोबर या गावात नुसतं रांगेत उभं राहिलं तरी मामाकडे निरोप येतो. आणि मला तुमच्याबरोबर नुसतं रांगेत उभं राहायचं नाहीये. नमुना दाखवला नाही तेव्हा घाईबिई काही नव्हती. तिचं नाव वाचतानाचा तुमचा चेहरा मला बघवला नसता. झालं. आता हवं तर मला जायला सांगा."

बाहेर वाऱ्याने एक पत्रा वाजत होता. मला वाटलं, हा परत तेवीसवर अडकला. मी वळून बघितलं तर तो जमिनीवर मांडी घालून कार्डांच्या पाकिटाचा प्लॅस्टिक कागद काढत होता. कागद काही केल्या फाटत नव्हता.

"मला तुम्ही पहिल्या दिवसापासून आवडता," तो पाकिटाकडे बघत म्हणाला. "तुम्ही अशा कोरड्या बोलत होतात की मला वाटलं, मुळीच आवडत नाही मी."

"तुम्ही विवाहित होतात."

"मला कोणीतरी सांगायला हवं होतं."

मग आम्ही दोघंही हसलो, आणि हसताना त्याने माझा हात धरला. इंजिनाचं काळं लागलेली बोटं, ऊबदार. सोडवून घ्यायचं काही कारण नव्हतं. पण एका हाताने कार्डं छापता येत नाहीत, म्हणून थोड्या वेळाने मी तो परत मागितला.

पाठवणाऱ्याचं पान उघडलं. रेइनाच्या नावावर गेले आणि खोडलं. पटकन गेलं. एक कार्ड छापलं, दोन्ही बाजूंनी त्याला दाखवलं. त्याने मजकूर वाचला. उलटवून पत्ता वाचला, आणि मग कोपऱ्यातलं ते बारीक, एकटं नाव पुष्कळ वेळ वाचत राहिला.

"बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"सध्या बरोबर आहे," तो म्हणाला.